भांडी कोणापाशी राहिली

राजानंद मेश्राम मूळचा भंडाऱ्याचा. म्युनिकच्या विद्यापीठात पाच वर्षं तो एका मोडलेल्या सोयरिकीवर प्रबंध लिहीत होता. सोयरीक माणसांची नव्हे, देशांची. केनिया, युगांडा आणि टांगानिका, आफ्रिकेतले हे तीन शेजारी. १९६३ साली त्यांनी जाहीर केलं, की वर्षाच्या आत आम्ही एक देश होणार. वर्ष सरलं आणि चुली वेगळ्या त्या वेगळ्याच. राजधानी कुठं, मोठेपण कुणाकडं, इथंच गाडं अडलं.

त्याची आई लीलाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. जे लग्न लागलंच नाही त्याची पाच वर्षं चौकशी कशाला, असं ती विचारी आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढी.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. सरावाच्या भाषणात प्रोफेसरबाईंनी विचारलं होतं, आल्झो, बरं तर, मोडलं ते कळलं, मग उरलं काय? राजानंदनं पुन्हा भांडणाचंच प्रकरण उलगडलं. शेजारच्या टेबलावर आपला प्रबंध लिहिणारी यामिनी म्हणाली, हाच प्रश्न त्या दिवशी पुन्हा येणार, गेनाऊ, अगदी हाच. उत्तर नसेल तर पाच वर्षांवर पाणी.

रविवारी त्यानं आईसमोर सगळं मराठीत मांडून पाहिलं. ती लसूण सोलत ऐकत होती. तो थांबल्यावर तिनं एवढंच विचारलं,

"अन् भांडी कोणापाशी राहिली?"

"कसली भांडी, आई?"

"विसरला का रे? आपल्या तीन वस्त्यांनी जयंती एक करायचं ठरवलं होतं. मिरवणुकीत पुढं रथ कोणाचा, यावरून पहिल्याच वर्षी कमिटी फुटली. पण जेवणाची मोठी पातेली तिघांनी मिळून घेतली होती. ती काही कापून वाटता येत नव्हती. लग्न निघालं की बाया जायच्या मागायला. परत देताना रिकामं कोणी दिलं नाही, तळाशी दोन पळ्या भाजी असायचीच. नऊ वर्षांनी जयंती एक झाली ती त्या भाजीपायी. पुढारी म्हणतात, आमच्यापायी."

राजानंद उठला आणि प्रबंध उघडून बसला. तिन्ही देशांची रेल्वे एक होती, टपाल एक होतं, एकीचा बेत फिसकटल्यावरही दहा-बारा वर्षं. पुढं तेही तुटलं, आणि शतक बदलता बदलता त्याच शेजाऱ्यांनी पुन्हा हात मिळवले. हे सगळं त्यानंच लिहिलं होतं. फक्त भांडणाला दिली होती पानंच्या पानं आणि भांड्यांना तळटीपा.

परीक्षेत प्रश्न आला. त्यानं आधी आगगाडी सांगितली, मग पातेलं. प्रोफेसरबाईंनी पातेलं वहीत लिहून घेतलं.

पास झालेल्याला सोबत्यांनी पुठ्ठ्याची टोपी करून घालायची, अशी तिकडची रीत. यामिनीनं टोपीवर तीन डब्यांची आगगाडी चिकटवली होती. लीलाबाईनं तिथंच, विद्यापीठात, सगळ्यांना मसालेभात वाढला, तोही घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जर्मन आजींकडून मागून आणलेल्या पातेल्यातून. भात इतका खपला की खरवडायची वेळ आली, तशी तिनं डाव वर उचलला.

"बस. एवढा पातेल्यात राहू द्या."

मग घरी परतताना एस-बानमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकलमध्ये, आगगाडीची टोपी घातलेला डॉक्टर मांडीवर पातेलं घेऊन बसला. शेजारी आई, झाकणावर हात ठेवून.