शोभाला घातलेली शपथ

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अफझलगंजच्या लायब्ररीत पेपर वाचत बसलो होतो. रिटायर झाल्यापासून माझा हा रोजचा उद्योग. मलकपेठहून बसने यायचं, चार पेपर चाळायचे, शेजारच्याशी राजकारणावरून हुज्जत घालायची आणि जेवायला घरी. फोन रोहितचा होता, माझ्या भाच्याचा. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. माझी पाठची, एकुलती एक बहीण. आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, पहिल्या क्षणी मला दुःख झालं नाही. मनात आलं, चला, आता कुणी विचारणार नाही... मग जिना उतरता उतरता मी मधल्याच पायरीवर बसलो. येणारे-जाणारे "क्या हुआ चाचा, परेशान दिखरे" म्हणून विचारत होते.

कुणी काय विचारणार नाही, ते सांगायला मागे जावं लागेल. आमचे वडील उदगीरकडच्या खेड्यातून हैदराबादला आले, सरकारी कचेरीत शिपाई झाले, आणि आम्हा दोघांना शिकवायचं एवढाच ध्यास त्यांनी घेतला. शोभा माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण डोकं माझ्या दुप्पट. मी दादागिरी करून तिला माझ्या कच्च्या गृहपाठाची वहीत नक्कल करायला लावायचो. ती मुकाट्याने उतरवून द्यायची, पण उतरवता उतरवता माझ्या चुका दुरुस्त करायची. एकदा गुरुजींनी माझी वही बघितली आणि छडी काढली, कारण सगळी गणितं बरोबर होती. आई तेव्हा आजारीच असायची. बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या आधी आमचा मामा गेला होता, तोही तसाच. कॅन्सर हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडातून काढत नसे, "पोटाचं झालं" म्हणायचे आणि गप्प बसायचे. आईचं शेवटचं सगळं शोभाने केलं. मी बाहेर उभा राहायचो. आजाराला भिणं हा माझा जुना रोग आहे.

शोभा एम.एस्सी. झाली आणि तारनाक्याकडच्या एका डीएनए तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, ती शेवटपर्यंत तिथेच. नवरा लवकर गेला, पण नोकरी आणि रोहित या दोन काठ्यांवर बाई ताठ उभी राहिली. मी तिला चिडवायचो, की तुझं काम काय, तर थुंकी आणि रक्त. मग ती समजावायला बसायची. तिच्याकडे एक मशीन होतं, ते चिमूटभर डीएनएच्या दोनचार तासांत कोट्यवधी नकला काढायचं, म्हणजे मग त्यात काय लिहिलंय ते वाचता येतं. ट्यूबवर कुणाचं नाव नाही, फक्त नंबर. निकाल दोघांनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकांना न विचारता, आणि मग ताडून बघायचा. "मंत्र्याचं रक्त असो की हमालाचं, आम्हाला कळतच नाही दादा," असं ती अभिमानाने सांगायची. हे काम तिने सव्वीस वर्षं केलं. त्यातल्या एका ट्यूबमध्ये एक दिवस तिचंच रक्त आलं.

पन्नाशीच्या सुमारास तिच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, निभावलं. पण तिला स्वस्थ बसवेना. आई, मामा, आता आपण, हे सगळं योगायोगाने होत नाही म्हणाली, आणि तपासून घेतलं. मग एका रविवारी दुपारी मलकपेठला माझ्या घरी आली. पल्लवी आणि तिची आई लग्नाला गेल्या होत्या, ते बघूनच आली असावी. पल्लवी माझी मुलगी, तेव्हा चोवीसची. आता आमच्यातली रीत अशी, की भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क. पल्लवी पाळण्यात होती तेव्हापासून शोभा तिला "माझी सूनबाई" म्हणायची. रोहित आणि पल्लवी दोघंही ते ऐकतच वाढले. आधी लाजायचे, मग चिडायचे, आणि कॉलेजात गेल्यावर दोघांनीही चिडणं बंद केलं, यातच सगळं आलं. मला वाटलं बाई साखरपुड्याची तारीख काढायला आली. मी चहा टाकला.

तिने पिशवीतून फाइल काढली. पेशीची दुसरी पेशी होते तेव्हा आतलं तीनशे कोटी अक्षरांचं लिखाण सगळंच्या सगळं उतरवलं जातं, हे तिने मला आधीही सांगितलं होतं. उतरवणाऱ्याच्या चुका होतातच. म्हणून त्याच्या मागे एक तपासणारा फिरतो, चुकलेला तुकडा कापून काढतो आणि नीट भरतो. हा तपासणारा ज्या जीनवरून तयार होतो, त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. "गाडीला स्टेपनी असते ना तशी," ती म्हणाली. "एक बिघडली तरी दुसरीवर चालतं. आपल्याकडे दादा, आईकडून आलेली प्रत मुळातच पंक्चर आहे. माझी तशी आहे, रोहितचीही आहे. त्या एकाच चाकावर पेशी चालतात. एखाद्या पेशीत तेही गेलं, की मग चुका साठत जातात." आणि नवराबायको दोघंही असेच निघाले, तर एखाद्या लेकराच्या वाट्याला दोन्ही पंक्चर येतात, आणि ते लेकरू लहानपणीच कॅन्सरने जाऊ शकतं, असंही तिने सांगितलं. मी विचारलं, हल्ली पेपरात येतं की जीन कापतात आणि जोडतात म्हणून, मग जोडा की. ती म्हणाली, काही आजारांत जमायला लागलंय, यात अजून नाही. यात एवढंच करता येतं की ज्याच्यात आहे त्याने दर वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडं बघून घ्यायचं आणि दिसेल ते लहान असतानाच काढून टाकायचं. "पण ते मोठं आहे दादा. आईला एवढं मिळालं असतं तर ती जगली असती."

मग ती मुद्द्यावर आली. "तू फक्त रक्त दे. तुझ्यात नसलं तर पल्लवीतही नसणार, उद्या साखरपुडा करू. असलं तर लग्न राहू दे बाजूला, पोरीचं बघावं लागेल. तिच्या जिवासाठी."

मी काय करायला हवं होतं ते आज शेंबडं पोरही सांगेल. मी काय केलं ते ऐका. मी भडकलो. "पोरगी नको असेल तर सरळ सांग," मी म्हणालो, "डीएनए कशाला मध्ये घालतेस?" मला माहीत होतं ती खरं बोलतेय. पण भित्र्या माणसाला राग फार लवकर येतो. पोरीच्या कपाळावर असलं लेबल लागलं तर तिला कोण करणार, असं काहीबाही बोललो, आणि वर शपथ घातली. "पल्लवीला यातला एक शब्द तुझ्याकडून कळला, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आमच्या घरात शपथ, नजर, उतारा हे सगळं वडिलांनी केव्हाच हद्दपार केलं होतं. शोभा तर असल्या गोष्टींना हसायची. "तू काय आठवीत आहेस का रे?" म्हणाली. पण मी हटलो नाही. मग तिचा चेहरा बदलला. का, ते मला पुढे कळलं. शपथेने भाऊ मरतो यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या फाइलीत तिला माझं मरण खरोखर दिसत होतं. आईचं मेलेलं तोंड तिने पाहिलेलं होतं. तिने फाइल पिशवीत घातली, "बरं" म्हणाली आणि चहा न घेता गेली.

मी पल्लवीला सांगितलं, आत्याचं मन बदललं. का, ते विचारू नकोस. पोरीने खरंच विचारलं नाही. दोन दिवस जेवली नाही, मग ऑफिसला जायला लागली. आत्याला फोन करणं मात्र बंद केलं. शोभा सणाला यायची तेव्हा हिला नेमकं काम निघायचं. रोहित बंगळूरला निघून गेला. त्यालाही शोभाने गप्प बसवलं होतं, मामाने सांगायला पाहिजे, आपण नाही, म्हणून. चार वर्षं हे असंच चाललं. मी सांगेन म्हणून शोभा वाट बघत होती, आणि मी दिवस ढकलत होतो. गॅस झाला तरी मला घाम फुटायचा. पल्लवी "पोट दुखतंय" म्हणाली की मी तिच्यावरच खेकसायचो, बाहेरचं खाऊ नको म्हणून. तपासलं तर कळेल, कळलं तर सांगावं लागेल, सांगितलं तर पोरगी विचारेल की इतके दिवस का नाही सांगितलं... आणि दर दिवसाला ते "इतके दिवस" एकाने वाढत होते. बाहेर पडायचं दारच दिसेना.

मागच्या हिवाळ्यात शोभाचा आजार उलटला. मी रोज दवाखान्यात जायचो, खोटं नाही सांगत. जाण्याच्या तीन दिवस आधी तिने नर्सला बाहेर जायला सांगितलं आणि माझा हात धरला. शपथ घालणाऱ्यानेच "सुटली" म्हणायचं असतं, तर समोरचा मोकळा होतो, हे आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. माझी एम.एस्सी. झालेली बहीण मला म्हणाली, "दादा, सुटली म्हण रे."

मी म्हणालो, "आधी बरी हो, मग बघू."

ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. पल्लवी एकदाही भेटायला आली नाही, आणि शोभानेही तिला बोलावलं नाही. समोर आली असती तर तोंडून निघून गेलं असतं, म्हणून असेल.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तिच्याबद्दल भरभरून बोलले. मला बोलायला उठवलं तर मी हात जोडून परत बसलो. दुसऱ्या दिवशी उठलो आणि तिच्याच प्रयोगशाळेत गेलो. रक्त काढलं, ट्यूबवर नंबर चिकटवला. तीन आठवड्यांनी एका तरुण डॉक्टरणीने बसवून, पाणी देऊन सांगितलं. आहे. माझ्यात आहे. म्हणजे पल्लवीत असण्याची शक्यता निम्मी. मला वाटलं होतं हे ऐकून मी कोसळेन. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साठ वर्षं काही झालं नाही हे नशीब, आता नियमित बघून घेऊ, तेव्हा मला शोभाचाच राग आला. एवढं सोपं होतं तर दोन थोबाडीत मारून का नाही नेलंस मला...

तोंडाने सांगायचं धैर्य अजूनही नव्हतं. मी पल्लवीला पत्र लिहिलं, चार पानी. रोहित शोभाचं तारनाक्याचं घर आवरायला आला होता, म्हणून रविवारी पल्लवीला घेऊन तिथे गेलो आणि शोभाच्या खोलीत पत्र तिच्या हातात दिलं. आता गंमत बघा माझ्या अकलेची. माझी मुलगी हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलते फडाफडा, पण वाचायचं तर अक्षराला अक्षर जोडत, आणि माझं अक्षर तर मलाही लागत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं, म्हणून तर मराठीत लिहिलं असेल. तिने दोन ओळींशी झटापट केली आणि कागद परत दिले. "नक्को पप्पा, मला नाही जमत. तुम्हीच वाचा."

वाचलं. बहिणीच्या खोलीत, बहिणीच्या पलंगावर बसून, मुलीला चारही पानं वाचून दाखवली. रोहित दारात उभा होता. वाचून झाल्यावर मला वाटलं ही आता आजाराचं विचारेल, शक्यतेचं विचारेल. तिने विचारलं, "म्हणजे आत्याने मला नको म्हटलं नव्हतं?"

"नाही गं."

"मला वाटायचं, मी काळी आहे म्हणून," ती म्हणाली.

मी माझ्या आयुष्यात एवढा रडलो नाही. तिने मला गप्प केलं नाही, पाणी दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. मग रोहित बोलला. शोभा दर वर्षी त्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा नंबर दोन-तीन महिने आधी लावून ठेवायची. एक नाही, दोन नंबर लावायची. एक रोहितच्या नावाने, दुसरा पल्लवीच्या. मामा या वर्षी हो म्हणेल, असं म्हणायची. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी फोन करून दुसरा रद्द करायची. चार वर्षं.

"ह्या वर्षीचा?" पल्लवीने विचारलं.

रोहितने मोबाइल काढून बघितला. पुढच्या सोमवारचा होता. तो रद्द करणारं आता कुणी नव्हतं.

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. पल्लवीचं आधी फक्त रक्त घ्यायचं होतं, बाकीचं निकाल आल्यावर ठरायचं होतं. मी तिच्यासोबत खिडकीशी जायला उठलो तर म्हणाली, तुम्ही बसा. मी बसलो. खिडकीतल्या मुलीने यादीत नाव शोधलं, आणि हा नंबर कुणी लावला होता ते हिंदीत विचारलं.

पल्लवी म्हणाली, "मेरी आत्या ने."