मामा आणि गाडीतले पाव्हणे

परदेशात जाऊन हत्ती बघून आलेल्या साडूला कधीही घरी जेवायला बोलावू नये. मी बोलावलं.

साडू पुण्याचा. घाटनांदूरहून आमच्या सासऱ्यांना बरोबर घेऊन वडवणीला आला आणि हात धुवायच्या आधी त्यानं मोबाईल काढला. "हा श्रीलंकेतला हत्ती. हा बिबट्या. ही मगर." दर घासाला एक जनावर! माझी बायको मंगल तर भाकरी वाढायची सोडून मगरीकडंच बघत बसली.

"आमच्याकडं काय कमी हाय का?" मी म्हणालो. "डोंगरात मोरांचं अभयारण्य हाय. उद्या दाखवतो. पण समदे जातात त्या रस्त्यानं न्हाई. आपली वाट येगळी!"

"तुमी कवा गेलतात तिकडं?" मंगलनं विचारलं.

(गेलो नव्हतो. पण नकाशा पाहिला होता. तोही दुसऱ्याच्या मोबाईलवर.)

सकाळी निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी साडू, मागं मंगल आणि मामा, म्हणजे आमचे सासरे. मामांना कमी ऐकू येतं, पण आपल्याला नव्हे, जगालाच कमी ऐकू येतं असं समजून ते बोलतात. वाटेत एका बाईकडून सीताफळांची पाटी घेतली. पुढं डांबर संपलं. मग खडी संपली. मग रस्ताच संपला आणि आम्ही एका उजाड माळावर येऊन थांबलो.

"हेच का अभयारण्य?" साडूनं विचारलं.

"हे त्याचं अंगण," मी म्हणालो.

तेवढ्यात लांब बाभळीआड निळं निळं काहीतरी हललं. मोर! मामांना डुलकी लागली होती. त्यांना ऊन लागू नये म्हणून काचा वर केल्या, इंजिन आणि एसी चालू ठेवला आणि आम्ही तिघं आधी वाकून, मग चक्क रांगत निघालो. गुडघ्यांत काटे घुसले, साडूची भारी पँट फाटली, पण मी माघार घेतोय होय!

"आवाज करू नका," मी कुजबुजलो. "पिसारा फुलवतोय!"

पिसारा खरंच फुलला. वाऱ्यानं पुरता उघडला, तेव्हा ती फाटकी ताडपत्री निघाली. साडूनं तिचाही फोटो काढला.

आणि मागून हॉर्न वाजला. पॉंऽऽप!

वळून बघतो तर माझ्या जागेवर, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, एक दांडगं वानर! मोराच्या नादात माझ्या बाजूचं दार मी सताड उघडं टाकून आलो होतो.

"आवो, माझा बाप आत हाय!" मंगल ओरडली.

साडू सगळ्यांच्या पुढं धावला. "घाबरू नका, मला अनुभव आहे!" म्हणत त्यानं धाडकन दार लावून टाकलं.

"भायेर काढायचं सोडून आत कोंडलंत कावून?" मंगलनं विचारलं. अनुभवी साडूनं खिशातून मोबाईल काढला.

दाराच्या आवाजानं वानर दचकलं आणि त्याचा हात बटणावर आपटला. टक्! चारही दारं लॉक. किल्ली आत, इंजिन चालू, पुढं उतार आणि उताराखाली पाझर तलाव! मी धावत जाऊन बॉनेटला दोन्ही हात लावून उभा राहिलो. (गाडी सुटली असती तर मी ती अडवणार होतो!) वानरानं माझ्याकडं नीट निरखून बघितलं. वायपर चालू केले. मग इंडिकेटर दिला. (मी आजवर कधी दिलेला नाही.)

या गडबडीत मामा जागे झाले. चष्मा काढून खिशात ठेवलेला. समोर दिसत होतं ते एवढंच: काळं तोंड आणि भोवती पांढरे केस. आता मला 'सावळा' म्हणणं ही आमच्या आईची माया, आणि केस रंगवायचं मी हल्लीच सोडलंय.

"पोचलो का, पाव्हणं?" मामांनी विचारलं. काचा बंद असूनही शब्द न् शब्द बाहेर येत होता.

पाव्हण्यांनी सीताफळ फोडलं.

"खा, खा. पर बिया गाडीत थुकू नका."

वानर थुकलं.

"ऐकणार न्हाईत! तुमाला बघाया आलतो तवाच मी म्हणलतो, पोरगं एका जागी बसत न्हाई. पर मंगलची आय म्हणली, चेहरा सोज्वळ हाय."

वानरानं कान खाजवला. मंगल हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. बाप कोंडला गेलाय, हे ती पार विसरली होती! साडू तर मोबाईल धरून शूटिंग करत होता.

मला राहवेना. मी मागची काच बडवली. "मामा! ते मी न्हाई! मी हितं हाय!"

मामांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं आणि पुढं वाकून म्हणाले, "पाव्हणं, भायेर कोन वानरावानी बोंबलतंय बघा बरं."

पाव्हण्यांनी बघितलं. मला दात दाखवले.

मग काय करावं? दगडानं काच फोडावी, तर वानर बिथरून मामांनाच ओरबाडायचं. मी घामाघूम होऊन दगड उचलत होतो, ठेवत होतो. आणि तेवढ्यात मामांनी आतून आपल्या बाजूची कडी ओढली अन् दार उघडलं. इतका सोपा उपाय आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचला नव्हता!

"जरा लघवीला जाऊन येतो," ते म्हणाले. वानर दोन सीताफळं काखेत मारून सीटवरून उडी टाकत त्यांच्या दाराशी आलं. मामा अदबीनं बाजूला सरकले. "जा, जा. घाईची असंल तर तुमी आदी जा."

वानर बाभळीत पसार. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं आणि मामांचा हात धरला. त्यांनी मला खालीवर बघितलं.

"झाली पण? लई लवकर!"

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, अशी मी साडूला शपथ घातली. त्यानं ती घरी पोचेपर्यंत पाळली. चहा ठेवायच्या आत सगळ्या गल्लीला ओसरीवर बसवून त्यानं शूटिंग लावलं आणि "मामा, गाडीत वानर शिरलं होतं, बघा!" म्हणत मोबाईल मामांच्या हातात दिला. मामांनी चष्मा चढवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मोबाईल जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं. मग मान वर करून साडूला म्हणाले,

"समदं झ्याक दिसतंय. सीताफळं दिसली, पाव्हणं बी दिसले. पर ते वानर कुठंय?"