शेवटच्या गाण्याआधीची प्रार्थना

बँडमध्ये तिला सगळे शिट्टी म्हणतात. आवाज बारीक, उंच, कान किटवणारा. दिवसा ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कोटांना वाफेची इस्त्री करते. तिथल्या यंत्रांच्या गडगडाटात ओरडून बोलायची सवय बँडला उपयोगी पडली. ड्रम वाजवतो तिचा थोरला भाऊ, तिसरा गिटारवाला. पॉप-पंक म्हणजे सुसाट ठेका, मोजक्या कॉर्ड आणि उड्या मारत म्हणता येईल असं ध्रुवपद. यांच्या ध्रुवपदात प्रभू असतो, एवढाच फरक.

पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं राहिलं होतं आणि स्टुडिओ संध्याकाळपर्यंतच मिळाला होता. प्रत्येक गाण्याआधी तिघांनी माना खाली घालून एकेक करून मोठ्याने प्रार्थना करायची, हा त्यांचा नेम. गिटारवाल्याची झाली, भावाची झाली. शिट्टी गप्प.

"झोपली का ही?" गिटारवाला म्हणाला.

"सकाळपासून टाळतेयस," भाऊ म्हणाला.

"दादा, मला नाही जमत आता. ऐकणारा कुणी आहे असं वाटतच नाही. वर्ष होत आलं."

"आणि हे आज सांगतेस?"

"आज विचारलंस."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"मग गातेस कशाला? सगळं खोटंच ना?"

"मी लिहिलं तेव्हा खरं होतं. शब्द न् शब्द. दुसरी गायिका बघायची असेल तर बघ. पण आत्ताच सांग."

पुढच्या महिन्यात अल्बममधली गाणी चर्चमध्ये वाजवायची होती. त्याआधी बँडमधल्या प्रत्येकाने उभं राहून साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. आई पहिल्या रांगेत असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भावाने ड्रमच्या काठ्या उचलल्या.

"आमेन," तो प्रार्थना संपवत म्हणाला आणि चार ठोके दिले.

गाणं एका दमात झालं. "असं सकाळीच ओरडायला काय झालं होतं?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

झांजा उतरवताना भाऊ हळूच म्हणाला, "चर्चमध्ये साक्ष मी देतो. तू नुसती गा."

"आणि आईने विचारलं तर?"

"तर तू सांगायचंस. मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. आणि तिला तिथे, लोकांसमोर कळायला नको."

तिने जिन्यातच घरी फोन लावला. "आई, जेवायची थांब. मी येतेय. नाही, दादा नंतर येईल. मी एकटीच."