मनगट धरून

सिस्टरांनी आईचं मनगट हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, नाडी बघताहेत. आडवं झालं की दम लागतो म्हणून आई उशांना टेकून बसली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. नाडी मोजून झाली तरी सिस्टरांनी हात सोडला नाही. त्यांची नजर मात्र आईच्या छातीवर होती.

व्हरांड्यात मी विचारलं, तर म्हणाल्या, "श्वास मोजत होते. सांगून मोजला की पेशंट नीट घ्यायला जातो, मग खरा आकडा मिळत नाही."

मी माझ्या श्वासाकडे लक्ष देऊन पाहिलं. लगेच अडखळला. ज्याच्या भरवशावर जन्म काढायचा, तो इतका बुजरा! काळजीचंही असंच असावं. उघड केली की माणूस "मी बरी आहे" म्हणून मोकळं होतं.

संध्याकाळी आईचा दम वाढला. मानेच्या शिरा ताठल्या, ओठ काळपटले. सिस्टरांनी वाफेचा मास्क लावला. "आजी, सावकाश सोडा, घाई नाही," म्हणत त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि डॉक्टरांना बोलवायला धावल्या. मी आईचं मनगट धरलं आणि नाडी बघतेय असं दाखवत तिची छाती बघू लागले. वर, खाली. मध्येच थांबलीशी वाटली. पुन्हा वर.

आईने मास्क जरासा सरकवला. ती माझ्या छातीकडे बघत होती.

"अगं," ती कशीबशी म्हणाली, "तू... घे की श्वास."