आप्पांचा मेमो

कुरकुंभच्या एका कंपनीत मी नवा सुपरवायझर होतो, तेव्हा हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला एक वयस्कर क्लार्क होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कामगारांचे मेमो इंग्रजीतून निघायचे आणि शिक्षेच्या वाक्यात मी हमखास चुकायचो. टाइपरायटरवरून मान न उचलता आप्पा म्हणायचे, "साहेब, 'विल बी'च्या म्होरं 'पनिश्ड' येतंय."

तोच मेमो कामगाराला समजावताना मात्र त्यांचं मराठी वेगळंच असायचं. "साहेब म्हंत्यात, पुन्यांदा उशीर करू नगं. बस, च्या घे."

एकदा एका कामगाराची बायको दवाखान्यात होती, म्हणून तो कामावर आला नाही. मला विचारूनच आप्पांनी त्या दिवशी त्याची हजेरी लावली. वरून चौकशी आली तेव्हा मी गप्प बसलो. आप्पांनीही माझं नाव घेतलं नाही. त्यांचा मेमो लिहायचं काम माझ्याकडेच आलं.

आप्पांनी माझा कच्चा कागद वाचला, नेहमीची चूक दुरुस्त केली, स्वच्छ टाइप केला आणि मेमो मिळाल्याची सहीही करून टाकली. "आता बरुबर हाय," म्हणाले.

त्या मेमोचं मराठी करून सांगायची पाळी माझी होती. मी साधा चहासुद्धा विचारला नाही.