आईच्या सिरियलसाठी आणलेला डीव्हीआर

हसा, खुशाल हसा. गाढवपणा काय, कुणाच्याही हातून होतो. पण माझा गाढवपणा असा, की तो मी नीट चौकशी करून, दुकानदाराशी अर्धा तास बोलून केलाय!

झालं असं. दादा, म्हणजे माझे वडील, गेले आणि आमच्या दहिवलीच्या घरातला आवाजच गेला. मी सकाळी कुंभिवलीच्या कारखान्यात, बायको कळंबला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात. घरात आई एकटी. संध्याकाळी यावं तर ती भिंतीला टेकून बसलेली. बोलायची ती फक्त तिच्या सासू-सुनेच्या सिरियलबद्दल. आणि ती सिरियल लागणार रात्री नऊला! आई गोळ्या घेऊन आठलाच आडवी.

मला फार वाईट वाटायचं हो. म्हातारीचं एवढंसं सुखही चुकावं?

कारखान्यातला एकजण म्हणाला, "डीव्हीआर घे रं. आपोआप रेकॉर्ड होतं, मागनं कवाबी बघ."

सुट्टीच्या दिवशी कर्जतचा बाजार गाठला. एका दुकानावर पाटीच होती, 'डीव्हीआर मिळेल'. अजून काय पाहिजे?

दुकानदार म्हणाला, "चार चॅनेलचा देऊ का आठ?"

"चारच द्या. आई काय, एकच बघते."

"रात्रीचं लागेल?"

"म्हणजे काय! सगळं रात्रीच तर चालतं. सून स्पष्ट दिसली पाहिजे."

त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "घरातलंच प्रकरण हाय का?"

"घरोघरी तेच हो! रोज नऊला."

"आवाजाचा पण पाहिजे?"

"अहो, भांडण ऐकू नाही आलं तर काय मजा?"

त्यानं उसासा टाकला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नका. माणूस येऊन बसवून जाईल." केवढा भला माणूस, असं मला वाटलं. सांगा आता!

दुसऱ्या दिवशी कामावरून घरी आलो, तर घरभर पहाऱ्याचे चार कॅमेरे. एक अंगणाकडे, एक माजघरात, एक चुलीवर रोखलेला, आणि एक थेट शेजारच्या शेवंताकाकीच्या दारावर. त्याचा डीव्हीआर म्हणजे या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा. टीव्हीवर सिरियल नव्हतीच. चार चौकोनांत आमचंच घर, आणि त्यात मी, तोंड उघडं टाकून उभा.

आई म्हणाली, "माझ्यावर पहारा बसवलास का रं? मी साखर खाते म्हणून?"

"अगं नाही गं आई!"

तेवढ्यात बायको बाहेर आली. "सून स्पष्ट दिसली पाहिजे, असं तुम्ही दुकानात सांगितलंत? कॅमेरे बसवणारा माणूस आईंना सांगून गेलाय. आणि भांडणाचा आवाजसुद्धा!"

मी समजावत राहिलो. जेवढं समजावलं तेवढं बिघडत गेलं. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. न बोललेलं सगळं नीट रेकॉर्ड झालं.

दुकानदारानं बसवलेला माल परत घ्यायला नकार दिला. मी खचलो, म्हटलं राहू दे चार दिवस.

त्या चार दिवसांत आई जेवेनाशी झाली. शेवटी मीच विचारलं, "सिरियल चुकते म्हणून का गं?"

"सिरियल कधी चुकली रं? सकाळी अकराला परत लागते. मी न् शेवंता रोज मिळून बघायचो."

"मग आता?"

"आता ती येत नाय. तुझ्या घरात शिंकलं तरी छापून निघतं, म्हणते."

दिवसभरात आईकडे येणारं एकच माणूस, ते मी भिंतीला भोकं पाडून घालवलं होतं!

तसाच काकीकडे गेलो. "काकी, अगं ते सिरियल रेकॉर्ड करायला आणलं होतं."

"मग माझ्या दाराकडं तोंड कशाला? माझ्या घरात काय सिरियल चाललीय? माझ्या कोंबड्या तुझ्या अंगणात येतात तर तोंडावर सांगायचं रं!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि शिडी लावली. मुद्दाम अकराच्या सुमारास, काकीला दिसावं म्हणून. ती तिच्या पडवीत आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती.

मी मोठ्यानं म्हणालो, "काढतोय गं काकी कॅमेरे!"

"पाहिजे तो पुरावा मिळाला असंल," काकी पाठमोरीच म्हणाली.

आत सिरियल सुरू झाली. आवाज एवढा मोठा, की वरचे पत्रे थरथरले. तिकडे सून रडतेय, इकडे माझ्या हातातून स्क्रू निसटतायत. मी शिडीवरून ओरडलो, "आई, आवाज कमी कर गं! शेजाऱ्यांना त्रास होतो!"

आवाज खाली आला.

मग माझं लक्ष गेलं. काकीचा हात सुपातच थांबलेला होता. कधीपासून, कोण जाणे. मान किंचित आमच्या खिडकीकडे वळलेली. ती थोडा वेळ तशीच बसली, मग सूप उचलून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आई उंबऱ्यात आली. तिनं काकीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे.

"तिला ऐकू जावं म्हणून मोठा केला होता रं," आई म्हणाली. "तू उद्या तरी कामाला जा बाबा."