साखरशेतची धवलेरी, माझी आत्या

आज सकाळी आत्याचं तोंड मी ओढणीने बांधलं. मिटतच नव्हतं.

रडू आलं नाही. अजूनही येत नाहीये.

आत्या आमच्या साखरशेतची धवलेरी. म्हणजे लग्न लावणारी बाई. आम्हा आदिवासींत लग्नाला भटजी नसतो. धवलेरी गाते, एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, तेव्हा लग्न लागतं. हे कुठे लिहिलेलं नाही. ती सासूकडून ऐकून शिकली.

बाकी वर्षभर मजुरी. भिवंडीकडे वीटभट्टीवर असायची. लग्नाचा निरोप आला की शेठची बोलणी खाऊन गावी यायची.

कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं, "तुझी आत्या काय करते?"

मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते."

दोन वर्षांपूर्वी तिला पॅरालिसिस झाला. बोलणं गेलं.

तरी गेल्या उन्हाळ्यात दाभोशाहून एक नवरदेवाचा बाप जीप घेऊन दारात.

"काका, तिला बोलताच येत नाही."

"नुसती बसू दे. माझं लगीन तिनंच लावलंय."

तिला धरून बसायला म्हणून मी गेले.

मांडवातले सगळे आत्याकडे बघू लागले. आत्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मग तिने माझ्या मांडीत बोट रुतवलं.

मला येत होतं. लहानपणापासून ऐकलेलं. पण चारचौघांत कधी गायले नव्हते.

गायले.

एका देवाचं नाव राहिलं, तिने चिमटा काढला. मागे गेले, पुन्हा घेतलं. असे किती चिमटे, आठवत नाही. दुपार कलली तेव्हा लग्न लागलं.

परतताना जीपमध्ये तिने बराच वेळ ओठ जुळवले.

"आवाज... बेकार."

अख्खी जीप हसली. तीही, अर्ध्या तोंडाने.

आज माणसं स्मशानातून आली. मी भांडी घासली. फोन चार्जिंगला लावला.

संध्याकाळी मोखाड्याहून एका अनोळखी बाईचा फोन.

"धवलेरीचं घर ना? पुढल्या म्हयन्यात पोरीचं लगीन हाय."

मी सांगितलं, आत्या सकाळीच गेली.

बाई हळहळली. मग हळूच, "मंग आता?"

"दिवस झाले की मी येते."

फोन ठेवल्यावर कळलं, आपण काय बोलून बसलो.

आत्या, नीट जा.
तुझ्या भाचीचा शेवटचा नमस्कार.